कंपनीच्या स्टिरिओवरही सबवूफर नीट वाजतो

सबवूफर म्हणजे फक्त बेस, म्हणजे खालचे जाड सूर, वाजवणारा वेगळा स्पीकर. नवी गाडी घेणाऱ्याला त्याबद्दल हा सल्ला हमखास फॉरवर्ड होतो: "कंपनी फिटेड सिस्टिमला सबवूफर लावू नका. आधी स्टिरिओ बदलावा लागतो, बॅटरी बसते, वॉरंटी जाते आणि आवाज नुसता धमधमतो." हे वाचून कित्येक जण एकतर बेसचा नाद सोडतात, नाहीतर गरज नसताना चांगला स्टिरिओ काढून टाकतात. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

स्टिरिओ बदलावाच लागतो, हे चूक. कंपनीच्या स्टिरिओला मागे अँपसाठी, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या अँप्लिफायरसाठी, वेगळं आउटपुट बहुधा नसतं, एवढंच खरं. पण स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींत सिग्नल असतोच. सीटखाली बसणाऱ्या, अँपसकट येणाऱ्या बहुतेक सबवूफरना 'हाय लेव्हल इनपुट', म्हणजे स्पीकरचाच सिग्नल थेट घेणारी जोडणी, असतं. मागच्या दारांच्या स्पीकर वायरींवरून फाटा (टॅप) घेऊन ते तिथे जोडायचं. हे इनपुट जवळजवळ काहीच करंट ओढत नसल्यामुळे स्टिरिओवर भार येत नाही. तुमच्या अँपला ही सोय नसेल तर मध्ये स्पीकरचा सिग्नल अँपला चालेल इतका कमी करणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर बसतो. उलट आजच्या गाड्यांत रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं स्टिरिओच्याच स्क्रीनला जोडलेली असतात, त्यामुळे ती बदलणं हाच जास्त खर्चाचा आणि कटकटीचा मार्ग.

इथे एक पथ्य मात्र कडक पाळा. स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. स्टिरिओ चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक बॉडीला आणि दुसरं स्पीकरच्या कुठल्याही वायरीला लावा, बहुतेक गाड्यांत दोन्हींवर सहा व्होल्टच्या आसपास दिसतील. ती वायर कोणी बॉडीला टेकवली तर स्टिरिओचा आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, जाऊ शकतो.

आता बॅटरी. 150 वॉट आरएमएसचा (सतत देता येणारी ताकद) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अँप पूर्ण जोरात साधारण 14 अँपिअर घेतो, आणि तेही फक्त ठोका पडतो त्या क्षणी. गाणं वाजताना सरासरी याच्या बरीच खाली असते. हेडलाइटचे दोन हॅलोजन बल्ब मिळून आठ-नऊ अँपिअर सतत घेतात, त्याला कोणी घाबरत नाही. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरला हा भार सहज पेलतो. मग बॅटऱ्या बसतात कशा? अँपला चालू-बंद करणारी रिमोट वायर किल्लीवर चालणाऱ्या फ्यूजऐवजी थेट बॅटरीला जोडली, तर गाडी बंद केल्यावरही अँप जागाच राहतो. तो नुसता पडून अर्धा-एक अँपिअर खातो आणि 35 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी दोन-तीन दिवसांत संपते. किल्ली काढून काही मिनिटांनी अँपचा दिवा विझला का, एवढं पाहिलं तरी हे कळतं. याहून गंभीर चूक फ्यूजची. मेन वायरचा फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. तो अँपसाठी नसतो, वायर घासून बॉडीला टेकली तर आग लागू नये म्हणून असतो. फिटर तो डिक्कीत अँपजवळ बसवत असेल तर काम तिथेच थांबवा.

वॉरंटीबद्दल थोडक्यात: हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, कापला तर इलेक्ट्रिकल भागांचा क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. न कापता मध्ये बसणारे कपलर मिळतात, तेच मागा. विमा कंपनीलाही कळवा, बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल सामानासाठी वेगळा प्रीमियम भरून संरक्षण घेता येतं.

राहिला धमधमाट. तो सेटिंगचा दोष आहे. स्टिरिओवरचा बेस शून्यावर ठेवा, अँपवरचा लो पास (ज्याच्या वरचे सूर सबवूफरकडे जात नाहीत ती मर्यादा) 80 हर्ट्झच्या आसपास, गेन (सबवूफरचा जोर ठरवणारा नॉब) अगदी खाली. मग पखवाजाच्या साथीचा अभंग लावा आणि गेन हळूहळू वाढवा. कणीक लावलेल्या बाजूची थाप भरदार येऊन लगेच थांबली पाहिजे. मागे घुमत राहिली की गेन जास्त झाला. सबवूफरचा आवाज बाकी स्पीकरशी जुळवणारा फेज स्विच दोन्हीकडे करून बघा, ज्या बाजूला थाप भरीव ऐकू येते ती बरोबर. नंबरप्लेट खडखडत असेल तर तिच्यामागे फोमची पट्टी लावा.

त्या सल्ल्यात तथ्य उरतं ते एका ठिकाणी. काही महागड्या सिस्टिम व्हॉल्यूम वाढला की लहान स्पीकर वाचवायला आपोआप बेस कापतात. अशा गाडीत निम्म्यापुढे आवाज नेला की तीच थाप पातळ होते, सबवूफरलाही तोच कापलेला सिग्नल मिळतो. तिथे बेस भरून काढणारा प्रोसेसर लागतो आणि खर्च वाढतो. स्क्रीन मात्र तेव्हाही जागची हलवावी लागत नाही.