बांगलादेश ‘पुढे गेला’ तेव्हा नेमकं काय मोजलं होतं?

ऑक्टोबर २०२० मध्ये नाणेनिधीच्या अहवालातले दोन आकडे आपल्याकडे तुफान फिरले. दरडोई जीडीपी: बांगलादेश १,८८८ डॉलर, भारत १,८७७. अधूनमधून ते अजूनही वर येतात आणि दोन्ही बाजू त्यावर तुटून पडतात. आकडे खोटे नव्हते, पण दोन देशांची तुलना करायला ते चुकीचे होते असं माझं ठाम मत आहे.

एक तर तो अंदाज होता. भारताची अर्थव्यवस्था १०.३ टक्क्यांनी आकसेल असं त्यात धरलं होतं. नंतरच्या सुधारित आकडेवारीत ती घट ५.८ टक्के निघाली. दुसरं, वर्षं जुळत नाहीत. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जुलै ते जून. त्यांच्या २०१९-२० मध्ये कोरोनाचे तीन-चार महिने येतात, आपलं २०२०-२१ पूर्णच्या पूर्ण त्यात सापडलं. तक्त्यात नुसतं ‘२०२०’ लिहिलेलं असेल तर आधी तळटीप वाचा.

खरी गोम चालू डॉलरची, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या किमती आणि विनिमय दराने काढलेल्या आकड्याची आहे. या आकड्यात वाढ, महागाई आणि विनिमय दर तिन्ही एकत्र कालवलेले असतात. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलरमधला भारताचा जीडीपी साधारण ३२० अब्जांवरून २७० अब्जांवर आला. त्या वर्षी देशातलं प्रत्यक्ष उत्पादन मात्र टक्काभर वाढलंच होतं! टाका या बांगलादेशी चलनाचंही तेच. डॉलरचा भाव बरीच वर्षं ८०-८६ टाक्यांच्या आसपास धरून ठेवला होता, तो २०२४ च्या मध्यापर्यंत ११७ वर गेला. धरून ठेवलेल्या दराने मोजलं की देश आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतो.

मग करायचं काय? प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेवा. कोण किती वेगाने वाढला, यासाठी प्रत्येक देशाच्या स्वतःच्या चलनातली, स्थिर किमतींची, म्हणजे महागाई वगळलेली मालिका घ्या. आज राहणीमानात कोण कुठे आहे, यासाठी क्रयशक्तीवर आधारलेला डॉलर घ्या, म्हणजे त्या-त्या देशात पैशाला प्रत्यक्ष किती वस्तू मिळतात ते धरून केलेला हिशेब. त्याच अहवालात त्या हिशेबाने भारत ६,२८४ आणि बांगलादेश ५,१३९ होता. ही ओळ फॉरवर्ड करावीशी कोणाला वाटली नाही. दोन्ही प्रश्न एकाच आलेखात हवे असतील तर जागतिक बँकेची दरडोई जीडीपी, क्रयशक्ती, स्थिर २०२१ डॉलर ही मालिका वापरा.

पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आधार धरून स्थिर किमतींची मालिका बांधतात ते, बदललं की मालिका तुटते. बांगलादेशने नोव्हेंबर २०२१ मध्ये २००५-०६ सोडून २०१५-१६ घेतलं आणि जीडीपी एका फटक्यात बराच फुगला. जुने-नवे आकडे सरळ जोडले तर मध्ये खोटी उडी दिसते. दोन्ही मालिकांत असलेलं एक वर्ष निवडा, नव्याला जुन्याने भागा, येईल त्या गुणोत्तराने मागची सगळी वर्षं गुणा.

आणि वर्तमानपत्रातलं ‘दरडोई उत्पन्न’ तर जपूनच घ्या. ढाक्याहून जाहीर होतं ते सकल राष्ट्रीय उत्पन्न. दिल्लीहून बहुतेक वेळा निव्वळ, म्हणजे घसारा (यंत्रं, इमारती यांची झीज) वजा केलेलं. हे दोन शेजारीशेजारी ठेवले की भारत आपोआप मागे पडतो, आणि मथळा तयार.

आलेख काढताना उभा अक्ष लॉगमध्ये (सारख्या पटीला सारखं अंतर देणाऱ्या मापात) ठेवा, म्हणजे सारख्या टक्क्यांची वाढ सारख्या चढाची दिसेल. साध्या अक्षावर मोठ्या आकड्याच्या देशाची रेघ उगाच उंच पळते.