शहाण्याला शब्दाचा मार. पण शब्द तरी द्याल?

डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आशय असा : एआय एजंटला (स्वतःहून कामं करणाऱ्या एआय मॉडेलला) टूल, म्हणजे त्याने चालवायचा छोटा प्रोग्रॅम, देताना त्याचं वर्णन लिहीत बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. मॉडेल्स आता हुशार झालीत. टूलला नीट नाव द्या, स्कीमा (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांचा, म्हणजे पॅरामीटर्सचा, आराखडा) जोडा, फार तर एक ओळ लिहा. जास्त लिहिलंत तर टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर मॉडेलचा खर्च ठरतो) जळतात. कुठे चुकलंच, तर सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये (एजंटला सुरुवातीलाच देतात त्या मजकुरात) सूचना टाका. आणि शेवटी हसऱ्या चेहऱ्यासकट म्हण, 'शहाण्याला शब्दाचा मार'.

आमच्या टीममध्ये टूल्सची वर्णनं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे तिघांनी तो आवर्जून मलाच पाठवला. तेव्हा उत्तर देणं आलं.

आधी हुशारीचं. मॉडेल हुशार आहे, मान्य. पण टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही. त्याच्यापुढे येतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, बस. आमच्याकडे 'सर्च_ऑर्डर्स' नावाचं टूल होतं. वर्णन एका ओळीचं : 'ग्राहकाच्या ऑर्डर्स शोधतं.' एका बाईंनी पाच महिन्यांपूर्वी घेतलेल्या मिक्सरच्या वॉरंटीबद्दल विचारलं. एजंटने टूल चालवलं, रिकामी यादी आली, आणि त्याने अत्यंत नम्रपणे कळवलं की तुमच्या नावावर अशी ऑर्डरच नाही. बाई हातात बिल घेऊन बसलेल्या! झालं होतं असं, की ते टूल फक्त शेवटच्या ९० दिवसांतल्या ऑर्डर्स बघतं. त्याआधीच्या दुसऱ्या टेबलात जातात आणि त्यांच्यासाठी 'सर्च_आर्काइव्ह' हे वेगळं टूल आहे. ऑफिसात हे सगळ्यांना तोंडपाठ, पण लिहिलेलं कुठेच नाही. कालच रुजू झालेल्या माणसानेही ती रिकामी यादी पाहून बाईंना तेच सांगितलं असतं.

आता तिथे चार वाक्यं आहेत (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देतोय) : 'ग्राहक क्रमांकावरून शेवटच्या ९० दिवसांतल्या ऑर्डर्स देतं. त्याआधीच्या ऑर्डर्ससाठी सर्च_आर्काइव्ह वापरा. यादी रिकामी आली म्हणून ऑर्डर नाही असं ग्राहकाला सांगू नका, आधी आर्काइव्ह तपासा. रद्द झालेल्या ऑर्डर्सही यादीत येतात, त्यांच्या स्थितीत रद्द असं दिसतं.' मॉडेल तेच, बाकी काहीही बदललं नाही. तशी तक्रार पुन्हा आलेली नाही.

स्कीमा पुरतो म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. तारखेचा पॅरामीटर 'स्ट्रिंग', म्हणजे साधा मजकूर, आहे आणि एजंटने ०३/०४/२०२५ पाठवलं. ही ३ एप्रिल की ४ मार्च? स्कीमाला दोन्ही चालतात. नीट नाव द्या हा सल्ला मात्र सोळा आणे खरा. 'यूजर' म्हटलं की नाव, ईमेल की क्रमांक हे कळत नाही, 'यूजर_आयडी' म्हटलं की प्रश्न मिटतो.

आणि हेही कबूल करतो, की काही चुका कितीही लिहिलं तरी जात नाहीत. क्लॉड हे एआय मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये आपला अनुभव मांडला होता : एसडब्ल्यूई-बेंच या कोड दुरुस्तीच्या चाचणीसाठी एजंट घडवताना त्यांचा एकूण प्रॉम्प्टपेक्षा टूल्सवर जास्त वेळ गेला. एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलचे अर्धवट पाथ (पत्ते) चुकवायचा. त्यांनी पूर्ण पाथ देणं टूलमध्येच सक्तीचं केलं आणि ती चूक थांबली. पैसे परत करणं, डेटा पुसणं अशा टूल्सना तर 'जपून वापरा' एवढं लिहून भागतच नाही, तिथे कोडमध्येच कुलूप हवं.

टोकनचा मुद्दा खोटा नाही. वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात, त्यामुळे निबंध लिहू नयेच. पण एका चुकलेल्या कॉलचा हिशेब मांडा : तो कॉल, त्याचं उत्तर, माफीनामा, मग दुसरा कॉल. चार वाक्यं त्यापुढे स्वस्तच पडतात. खरी उधळपट्टी वेगळीच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याची खुली पद्धत) आल्यापासून टूल्सचे तयार सर्व्हर जोडणं सोपं झालंय. लोक उत्साहाने चाळीस टूल्स जोडतात आणि वापरतात पाच. उरलेली पस्तीस काढा की आधी!

राहिला सिस्टिम प्रॉम्प्ट. तेच टूल उद्या दुसऱ्या टीमचा एजंट वापरतो, तेव्हा तुमचा प्रॉम्प्ट त्याच्यासोबत जात नाही. क्लॉडचं वेब सर्च आलं तेव्हा तो शोधाच्या शब्दांना कारण नसताना '२०२५' चिकटवायचा आणि निकाल बिघडायचे. अँथ्रॉपिकच्याच सांगण्यानुसार, त्याला वळण लावलं ते टूलचं वर्णन सुधारून.

आमच्या त्या चार वाक्यांनी आणखी एक घोळ घातला. गेल्या महिन्यात आलेल्या नव्या मुलीने ती वाचली आणि मीटिंगमध्ये सरळ विचारलं, "सर, पण ९० दिवसच का?" सगळे एकमेकांकडे बघत राहिले. कोणी ठरवलं, कशासाठी, हे कुणालाच आठवेना. आता ते खोदकामही माझ्याचकडे आलंय.