रजिस्टरात ‘ठीक’ लिहिलं म्हणजे टाकी तपासली असं होत नाही

घातक कचऱ्याच्या टाक्यांचं तपासणी रजिस्टर उघडा. महिनाभराच्या ओळी, एकच पेन, एकच अक्षर आणि प्रत्येक रकान्यात ‘ठीक’. डोकं फिरतं ते इथेच. लेव्हल? ठीक. डाईकमध्ये, म्हणजे गळती अडवायला टाकीभोवती बांधलेल्या भिंतीच्या आत, पाणी? ठीक. अहो, लेव्हल ‘ठीक’ कशी असेल? ती १.८० मीटर असते नाहीतर १.७६ मीटर असते! रात्रभर आत काही सोडलं नाही, बाहेर काही काढलं नाही, तरी ४ सेंटीमीटर उतरली, तर माल कुठेतरी जातोय. ३ मीटर व्यासाच्या उभ्या टाकीत ४ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ २८० लिटर. ते पकडायला कालचा आकडा हवा, आजचा आकडा हवा. ‘ठीक’मधून ‘ठीक’ वजा करून काय हाती लागणार?

टाकी जास्त भरली की वाजणाऱ्या हाय लेव्हल अलार्मचंही तेच. पॅनेलवरचं टेस्ट बटण दाबायचं, भोंगा वाजला की खूण करायची. त्या बटणाने भोंगा आणि दिवा तपासला जातो, द्रवाबरोबर वर येऊन अलार्म चालू करणारा फ्लोट नाही. फ्लोट आत गाळात चिकटून बसलेला असतो. तो वर उचलून बघा आणि भरणारा पंप खरोखर ट्रिप होतो का, म्हणजे आपोआप बंद पडतो का, ते पाहा, तेव्हा ती चाचणी. आणि पॅनेलचं दार उघडून टर्मिनलवर नजर टाका. अलार्म सारखा वाजतो म्हणून कुणीतरी जंपर, म्हणजे अलार्मला बगल देणारी वायर, मारलेला असतो, तो काढायचं कुणालाच आठवत नाही.

डाईक सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के क्षमतेची बांधली, कागदावर हिशेब बसला. मग तिच्यात पॅलेट रचतात, रिकामे ड्रम ठेवतात, पावसाचं पाणी आठवडाभर साठू देतात. ती सगळी जागा क्षमतेतून वजा होते, हे कुणी धरतच नाही. त्याहून वाईट म्हणजे पाणी सोडायला उघडलेला ड्रेन व्हॉल्व्ह तसाच उघडा राहतो. मग डाईक असून नसल्यासारखी, गळलेला माल थेट गटारात. नुसतं हँडल बघून पुढे जाऊ नका, पाइपाचं बाहेरचं तोंड बघा. ठिबकतंय का? पाइप जिथे भिंतीतून जातो तिथलं सीलंट बोटाने दाबून बघा. ते सुकून सुटलेलं असतं आणि लांबून मात्र शाबूत दिसतं.

टाकीत हवा आत-बाहेर करणाऱ्या व्हेंटकडे तर कुणी मान वर करूनही बघत नाही. तिथल्या फ्लेम अरेस्टरची, म्हणजे ज्वाळा आत शिरू न देणारी, जाळी चिकट थराने बंद झाली आणि पंपाने टाकी उपसायला घेतली, की हवा आत येत नाही आणि टाकीचं शेल, म्हणजे तिची भिंत, आत ओढलं जातं. वातावरणीय दाबाच्या टाक्या अशा ओढीसाठी बांधलेल्याच नसतात.

आता टाकीच्या प्लेटची जाडी मोजणं. उभं राहून हात पोचेल तिथली चार रीडिंग, त्यांची सरासरी, झालं! गंज छातीच्या उंचीवर वाट बघत बसत नाही. तो लागतो द्रवाच्या पातळीच्या रेषेवर, तळाच्या गाळाखाली, पाइप जोडायच्या नोझलच्या आसपास, भिजलेल्या इन्सुलेशनमागे. सरासरीने खड्डा झाकला जातो, म्हणून सगळ्यात कमी रीडिंग लिहा. ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या साध्या सिंगल इको गेजने रंगावरून मोजलंत तर रंगाचा थर खऱ्या जाडीच्या दुपटीहून जास्त धरला जातो आणि झिजलेली प्लेट जाड दिसते. रंग खरवडा, नाहीतर रंग वगळणारं गेज वापरा. दर वेळी तेच बिंदू घ्या, पेंटने खूण करून. प्लेट ८ मिमीची होती, १० वर्षांनी ६.२ राहिली, म्हणजे वर्षाला ०.१८ मिमी. किमान ५ मिमी लागत असेल तर उरली साधारण साडेसहा वर्षं. बिंदू बदलले की हे गणितच कोसळतं.

आणि यात ऑपरेटरला झोडपू नका. शिफ्ट बदलताना दहा मिनिटांत डझनभर टाक्या बघायला लावायच्या, हातात टॉर्च नाही, लेव्हल मोजायची डिप टेप नाही, आणि फॉर्मवर ‘ठीक / ठीक नाही’ एवढाच पर्याय छापायचा, हे वरच्यांचं काम आहे. तो रकाना खोडा. तिथे ‘लेव्हल, मीटर’, ‘डाईकमधलं पाणी, सेमी’, ‘पंप ट्रिप झाला ती लेव्हल’ असं छापा, शेजारी कालचा आकडा ठेवा, आणि सही करणाऱ्याला टाकीपर्यंत चालत जायला लावा.