एचआयव्हीच्या गोळ्यांना 'सुट्टी' द्या म्हणणारा तो फॉरवर्ड

व्हॉट्सअॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय, वर हात जोडलेले इमोजी आणि खाली 'प्रत्येक ग्रुपला पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल'. विषय एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी. एकूण सहा मुद्दे, आणि सूर एकच, की या गोळ्या आजारापेक्षा वाईट तेव्हा जमेल तेवढ्या कमी घ्या. मी एआरटी सेंटरवर समुपदेशक आहे, बाटली टेबलावर ओतून उरलेल्या गोळ्या मोजणं हे रोजचंच काम, त्यामुळे असले मेसेज कोण किती मनावर घेतं ते मला तिथेच कळतं. तर आता एकेक घेऊ.

१. 'रिपोर्टमध्ये व्हायरस सापडत नाही आलं म्हणजे बरे झालात, गोळ्या बंद करा'

सगळ्यात जास्त वाट लावणारा मुद्दा हाच, कारण अर्धा खरा आहे. व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजणाऱ्या टेस्टमध्ये, व्हायरस सापडत नाही असं खरंच येतं, नीट गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांचं साधारण सहा महिन्यांत येतं. पण टेस्ट मोजते ते रक्तात फिरणारा व्हायरस. काही पांढऱ्या पेशींमध्ये तो गप्प पडून राहिलेला असतो, तिथे त्याच्यावर गोळीचा परिणाम होत नाही आणि टेस्टलाही तो दिसत नाही. गोळी बंद केली की बहुतेकांमध्ये दोन-चार आठवड्यांत तो परत वर येतो, आणि माणसाला बहुतेकदा काहीच जाणवत नाही, ना ताप ना अशक्तपणा, म्हणून त्याला वाटतं की मेसेज बरोबर होता. बीपीची गोळी खाऊन बीपी नॉर्मल आलं म्हणून कोणी गोळी फेकून देत नाही ना, तसंच हे.

आणि ज्या चांगल्या गोष्टीसाठी हा रिपोर्ट हवा असतो ती गोळी चालू आहे तोवरच. व्हायरस सापडत नाही अशा पातळीवर टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही, हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालंय. बंद केलीत की ते संरक्षण गेलं, तुमचंही आणि त्यांचंही.

अजून एक, ज्यांना सोबत हिपॅटायटिस बी आहे त्यांनी तर मनाने अजिबात थांबवू नका. नेहमीच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात, अचानक बंद केली तर लिव्हर भयंकर बिघडू शकतं.

२. 'आयुष्यभर गोळ्या खाल्ल्या की किडनी लिव्हर संपतं'

ही भीती हवेतून आलेली नाही. पूर्वी स्टॅव्हुडिन नावाचं औषध होतं, त्याने गाल बसायचे, हातापायाची चरबी झडायची, तळपायाला मुंग्या यायच्या. गावात एखाद्याचा तसा चेहरा ज्यांनी पाहिलाय ते अजून विसरलेले नाहीत. पण ते औषध कधीच मागे पडलं. आता बहुतेकांना मिळते ती टीएलडी, रोज एकच गोळी, टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम.

टेनोफोविरचा काहींच्या किडनीवर परिणाम होतो हे खरंय, म्हणून तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा आकडा) तपासतात, आणि वाढलं तर डॉक्टर औषध बदलतात, पर्याय आहेत. (डोल्युटेग्राविरने क्रिएटिनिनचा आकडा थोडा वाढतो पण त्यात किडनीला इजा नसते, त्यामुळे रिपोर्टवर लाल अक्षर बघून स्वतःच निर्णय घेऊ नका.) खरा धोका वेगळाच आहे, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक आणून महिनोन्महिने खाणं. टेनोफोविर चालू असताना ते किडनीला महागात पडू शकतं आणि त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

आणि गोळ्या थांबवल्या तर अवयव वाचतात का, हे तपासूनही झालंय. स्मार्ट नावाची मोठी ट्रायल होती, पाच हजारांवर लोक, निकाल 2006 ला आला. सीडी4, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, चांगला असताना ज्यांच्या गोळ्या थांबवल्या त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त निघाले, आणि गंमत बघा, हृदय, किडनी, लिव्हरचे मोठे त्रासही थांबवणाऱ्यांनाच जास्त झाले. म्हणजे मेसेजच्या अगदी उलटं.

३. 'सीडी4 500 च्या वर असेल तर सुरूच करू नका'

जुनी माहिती. पूर्वी सीडी4 खाली यायची वाट बघायचे हे खरं, पण 2015 ला स्टार्ट नावाच्या ट्रायलचा निकाल आला, 500 च्या वर असतानाच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर त्रास निम्म्याहून कमी झाले. भारतात 2017 पासून नियमच आहे, पॉझिटिव्ह निघाला की उपचार, सीडी4 कितीही असो.

४. 'रविवारी गोळीला सुट्टी द्या, सोमवारी दोन घ्या, भरपाई होते'

भरपाई वगैरे काही होत नाही. आठवड्याला एक सोडली की महिन्याला चार गेल्या, आणि आम्ही बाटलीत बघतो ते 95 टक्क्यांचं गणित, म्हणजे 30 पैकी एखादी चुकली तर ठीक. औषधाची पातळी वरचेवर खाली गेली की व्हायरसला त्या औषधाची सवय होते आणि मग तीच गोळी काम करेनाशी होते. फ्रान्समध्ये आठवड्यातून चारच दिवस गोळ्या देऊन एक ट्रायल झाली आणि ठीक गेली हेही खरंय, पण ती व्हायरस आधीपासून दबलेल्या निवडक लोकांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली, पुन्हा पुन्हा व्हायरल लोड तपासून. ती काही घरी करून बघायची गोष्ट नाही.

चुकलीच तर आठवण येईल तेव्हा घ्या, पुढच्या गोळीला चारेक तासच उरले असतील तर ती सोडून द्या, दोन एकदम नकोत.

खरं सांगायचं तर सुट्टी म्हणून गोळी सोडणारे थोडे, जास्त चुकतात ते वेगळ्याच कारणांनी, ऊसतोडीला जाताना बाटली घरी राहिली, लग्नघरात सगळ्यांसमोर काढायची कशी, सासूला माहीत नाही. हे आम्हाला सांगा ना. महिनोन्महिने बाहेर जाणार असाल तर तिथल्या सेंटरला ट्रान्सफर करून देता येतं किंवा जास्तीच्या गोळ्यांचं बघता येतं, सेंटरने दिलेलं तुमचं हिरवं पुस्तक मात्र सोबत ठेवा. टीएलडी उपाशीपोटीही चालते, त्यामुळे एकादशीलाही पाण्यासोबत घेता येते, आणि रोजे असतील तर सेहरी नाहीतर इफ्तार, एक वेळ ठरवा. झोप उडत असेल तर रात्रीची सकाळी करून घ्या, सेंटरवर विचारून.

५. 'सोबत काढा, टॉनिक काहीही घ्या, नैसर्गिक आहे, चालतं'

काहीही नाही चालत. डोल्युटेग्राविरचं कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियमशी जमत नाही, पोटातच एकमेकांना चिकटतात आणि औषध रक्तात जातच नाही. म्हणून डायजीन, जेलुसिलसारखं अॅसिडिटीचं औषध घ्यायचं तर एचआयव्हीची गोळी त्याच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जेवणासोबत घेतल्या तर एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही. गरोदर बायांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतं, त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर नको. टीबीची रिफॅम्पिसिन सुरू झाली तर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची जादा गोळी लागते, म्हणून टीबीच्या डॉक्टरांपासून एआरटी लपवू नका. फिट्सची काही औषधं, उदाहरणार्थ फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, यांचाही असाच लोचा आहे.

आता काढा. बाटलीवर घटक छापलेलेच नसतील तर तो या गोळीशी जमतो की नाही हे मीच काय, कोणीच सांगू शकणार नाही. आणि कोणी 'एचआयव्ही मुळासकट बरा' म्हणून औषध विकत असेल तर आपल्या औषध नियमांत अशा आजारांची एक यादी आहे ज्यांच्यावर बरं करण्याचा दावा करून औषध विकताच येत नाही, त्यात पहिलं नाव एड्सचं आहे.

६. 'सरकारी फुकट गोळी डुप्लिकेट, खरी बाहेर मिळते'

1 एप्रिल 2004 ला देशात मोफत एआरटी सुरू झाली, पहिल्या आठ सेंटरांत मुंबईचं जेजे होतं. त्याच्या आधी, 2001 मध्ये मुंबईच्याच सिप्लाने तीन औषधांचा कोर्स वर्षाला 350 डॉलरला देऊ केला, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या घरात होता. आफ्रिकेतले लाखो लोक आजही भारतात बनलेल्या गोळ्यांवर जगतायत. फुकट म्हणजे बोगस हे कुठून आलं कुणास ठाऊक. बाहेरून विकत घ्यायची तर खुशाल घ्या, फक्त बाटलीवर तीच तीन नावं आणि 300, 300, 50 हेच आकडे आहेत का ते बघून घ्या, आणि व्हायरल लोडच्या तारखेला सेंटरवर या. तोवर काही अडलं तर 1097 या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत.