नमुना मोठा म्हणून संशोधन पक्कं?

एक मेसेज मला आठवड्यात तीन विद्यार्थ्यांनी पाठवला: 'नमुना जितका मोठा, तितकं संशोधन पक्कं. आकड्यांत मत नसतं. वीस मुलाखती म्हणजे नुसते किस्से, त्यांना कसोटीच नाही.' प्रबंधाचा विषय ठरवणारी मुलं हे वाचून मुलाखतींचा नाद सोडतायत, म्हणून लिहितेय.

आधी नमुना, म्हणजे सगळ्यांऐवजी ज्या निवडक लोकांना विचारतो ते. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने कौल घ्यायला सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने धाडल्या, २२ लाखांहून जास्त भरून आल्या. कौल आल्फ लँडन या उमेदवाराच्या बाजूने निघाला आणि निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनवाल्यांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीत होरपळलेला माणूस त्यांत फारसा नव्हताच. शिवाय बहुतेकांनी उत्तरच पाठवलं नाही. संध्याकाळी वाशी स्टेशनवर गाठलेले हजार जण म्हणजे नवी मुंबई होत नाही. कोण सुटलं, हे पहिलं विचारा.

आकड्यांत मत नसतं, हे तर मला मुळीच मान्य नाही. कोपरखैरण्यात घरकाम करणाऱ्या बायकांकडून प्रश्नावली भरून घेत होतो. 'आठवड्याची सुट्टी मिळते का?' एका ताईंनी 'हो' म्हटलं, मी खूण केली. फॉर्म मिटल्यावर चहा देताना त्या म्हणाल्या, "रविवारी सुट्टीच असते. फक्त भांडी घासून यायचं." सुट्टी कशाला म्हणायचं, ते आम्ही आमच्या टेबलावर बसून ठरवलं होतं. हाच प्रश्न त्यांना दहा वेळा विचारला असता तरी 'हो'च आलं असतं. विश्वसनीयता उत्तम, पण मोजायचं होतं ते मोजलंच गेलं नाही. म्हणजे वैधता गेली.

आणि मुलाखतींनाही कसोट्या आहेत. लिंकन आणि गुबा या संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांनी १९८५ साली चार मांडल्या: निष्कर्ष बोलणाऱ्यांच्या अनुभवाला धरून आहेत का, दुसरीकडे लावून बघता येतील इतका तपशील दिलाय का, काम कसं झालं याची नोंद तपासता येते का, आणि निष्कर्ष मुलाखतींतून आलेत की संशोधकाच्या मनातून. मी आणखी एक बघते: विरुद्ध बोलणारं कुणी अहवालात आहे का? सगळे एका सुरात बोलत असतील तर मी मूळ टिपणं मागते.

अशी अर्धी सुट्टी किती जणींना मिळते, हे मात्र मुलाखती सांगणार नाहीत. त्याला नीट नमुना काढून सर्वेक्षणच हवं. ते आम्ही पुन्हा केलं, प्रश्न बदलून: 'मागच्या रविवारी किती घरी गेलात?'