खुलासा : डब्लिनच्या पबमध्ये मुलांना सरसकट बंदी नाही

"डब्लिनच्या पबमध्ये मुलांना घेत नाहीत, पोरांना हॉटेलवरच ठेवा" असा मेसेज फिरतोय. त्याचं मूळ माझीच पोस्ट. मार्चमध्ये रात्री साडेनऊला आम्हाला दारातून परत पाठवलं आणि मी सरसकट बंदी लिहून मोकळी झाले. चुकलंच.

मग आयर्लंडचा कायदा वाचला. आईवडिलांसोबत मुलं रात्री ९ पर्यंत बसू शकतात, मे ते सप्टेंबर १० पर्यंत. दारू मात्र वयाची १८ वर्षं झाल्यावरच. एखादा पब याहून कडक असतो, दारात विचारा.

दुसऱ्या दिवशी सहालाच गेलो. लेकीने आयरिश स्टू ब्रेडने पुसून खाल्लं. पाऊण भरलेला गिनीज बिअरचा ग्लास बारमनने बाजूला का ठेवला (फेस बसायला!), हेही तिनेच विचारलं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.