ल्योंच्या पांढऱ्या टेबलावर आमच्या माळकरी सासूबाई

परवा शाळेच्या ग्रुपवर तो नेहमीचा फोटो आला. परातीएवढी पांढरी बशी, मधोमध चिंचोक्याएवढा पदार्थ, त्याच्या बाजूला हिरव्या रंगाचा एक ओघळ, आणि खाली 'फ्रेंच जेवण : बिल दहा हजार, घरी येऊन वरणभात'. सगळ्यांनी हसून घेतलं, मीही हसले. मग आठवलं की गेल्या मे महिन्यात फ्रान्समधल्या ल्योंला आपण असंच जेवायला गेलो होतो आणि पावणेतीन तासांनी उठताना नवऱ्याने पट्टा एक भोक सैल केला होता. त्या दुपारबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. आता लिहितेच. लांबलंय, चहा घेऊन बसा.

लेक ल्योंला शिकते. आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून तिच्याकडे गेलो, आणि ७८ वर्षांच्या सासूबाईंनाही घेऊन गेलो. त्या इचलकरंजीच्या. गळ्यात तुळशीची माळ. मांस-मच्छी सोडा, अंडंही चालत नाही. अशा बाईला घेऊन तिथल्या एका मिशेलॅं तारा मिळालेल्या रेस्टॉरंटमध्ये जायचं हा बेत लेकीचा. "दुपारी जाऊ, दुपारचा मेनू निम्म्यात पडतो," म्हणाली. खरंच होतं. आम्ही घेतलेला दुपारचा मेनू माणशी ५८ युरो होता आणि रात्रीचा ११० च्या पुढे. स्वयंपाकघर तेच, आचारी तेच, बहुधा बटाटेही तेच. कुणाला जायचं असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस आणि दुपार धरा. पण साडेबाराच्या आसपास पोहोचा. आपल्यासारखं तीनला 'बसू का?' विचारत गेलात तर उपाशी परताल.

आधी माझी कबुली. मला भयंकर लाज वाटत होती. जेवणाची नव्हे, आमची. नवरा सूप फुर्रकन पितो, त्याची. सासूबाई कुठेही मोठ्याने बोलतात, त्याची. प्रवासासाठी म्हणून त्यांना एक पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता, तो घाला म्हणून सकाळपासून मागे लागले होते. त्यांनी इरकल नेसलं आणि खाली लेकीने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्‌स शूज घातले. "मी काय परीक्षेला चाललेय?" म्हणाल्या. परीक्षेला मीच चालले होते. आदल्या रात्री मोबाइलवर काट्या-चमच्यांचे तीन व्हिडिओ बघून झाले होते माझे.

रेस्टॉरंटला ईमेल लेकीने आठवडाभर आधी केला होता. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, जिलेटिन नको, सॉसमध्ये वाईन नको. यादी वाचून मी म्हटलं, अगं हे लोक आपलं बुकिंग रद्द करतील. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, मशरूम आणि कांदा चालतो ना? बस. उलट दोन दिवस आधी एका साध्या कॅफेत 'व्हेजिटेरियन' असं तीनदा सांगूनही सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरून आणून ठेवले होते, आणि "इतकेसेच तर आहेत" अशा चेहऱ्याने तो मुलगा आमच्याकडे बघत होता. म्हणून माझं म्हणणं, शाकाहारी असाल तर उगाच स्वस्तातल्या ठिकाणी नशीब आजमावत बसू नका. एकच जेवण घ्या, पण आधी कळवून घ्या.

तर पांढरंशुभ्र, कडक इस्त्रीचं टेबलक्लॉथ. प्रत्येकापुढे तीन ग्लास. मी पाठ ताठ करून बसले. वाढणारा तरुण मुलगा 'बोंजूर' म्हणत आला आणि पाणी कुठलं हवं विचारू लागला. लेक म्हणाली, कराफ, म्हणजे नळाचं, ते फुकट असतं आणि मागायला काही कमीपणा नाही. सासूबाईंनी तिला सांगितलं, "मला गरम सांग." मी डोळे मिटले. पाच मिनिटांनी चांदीसारख्या चकचकीत किटलीतून गरम पाणी आलं, सोबत बशीत लिंबाची फोड. त्याने ते कपात असं ओतलं की जणू पन्नास वर्षांची जुनी वाईन आहे. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अजून जरा तापायला हवं होतं."

मग पहिली चूक झाली, आणि ती रेस्टॉरंटवाल्यांची. मेनू सुरू व्हायच्या आधी तोंड चाळवायला म्हणून एकेक घास येतो. सगळ्यांपुढे चीजचे गरम, पोकळ, छोटे गोळे आले. सासूबाईंनी उचलला, वास घेतला, खाली ठेवला. "यात अंडं आहे." होतंच. मुलगा कानापर्यंत लाल झाला, माफी मागत बशी घेऊन आत पळाला. आता काय आणतोय म्हणून बघतोय, तर पाल्यासकट तीन लालबुंद कोवळे मुळे, एक लोण्याचा गोळा आणि जाडं मीठ. मला वाटलं, घाईघाईत जे हाताला लागलं ते आणलं असेल. लेक म्हणाली, नाही गं, लोणी-मुळा हे इथलं अगदी घरोघरचं खाणं आहे. सासूबाईंनी मुळा लोण्यात बुडवला, मिठात टेकवला आणि कचकन चावला. पाल्यासकट. त्या दिवशीचा त्यांचा सगळ्यात आवडता पदार्थ तोच, हे आधीच सांगून ठेवते.

पुढे अॅस्परॅगस. मे म्हणजे त्याचा ऐन मोसम, आणि तिथे पांढरा अॅस्परॅगस मिळतो, मातीच्या ढिगाखाली उन्हाला न दाखवता वाढवलेला. बशीत बोटभर जाडीच्या चार कांड्या होत्या, वर वितळलेलं लोणी आणि कसलीशी हिरवी पानं. सासूबाईंना त्यात शेवग्याची शेंग दिसली. त्यांनी सरळ हाताने उचलली आणि शेंड्यापासून खायला सुरुवात केली. मी दातओठ खात पुटपुटले, "आई, काटा." त्यांनी काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरी कांडी उचलली. लेक हसायला लागली. म्हणाली, तूच गप्प बस, युरोपातल्या जुन्या शिष्टाचारात अॅस्परॅगस हातानेच खायची रीत होती. म्हणजे त्या मोठ्या खोलीत रीतीला धरून जेवणारी बाई आमच्या टेबलावरची, आणि तिला टोकणारीही आमच्याच टेबलावरची.

माझी ताठ पाठ बघूनच बहुधा लेकीने मग मेर ब्राझिएची गोष्ट काढली. ल्योंमध्ये या 'मेर' म्हणजे आया फार प्रसिद्ध. मूळच्या श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या बायका. पुढे त्यांनी स्वतःची खाण्याची ठिकाणं काढली आणि या शहराचं नाव त्यांच्या हाताच्या चवीवर झालं. त्यातली युजेनी ब्राझिए १८९५ मध्ये जन्मलेली, शेतावर राबणाऱ्या घरातली. दहा वर्षांची असताना आई गेली. ल्योंला आली ती घरकामाला. १९२१ मध्ये स्वतःचं छोटं रेस्टॉरंट काढलं आणि १९३३ मध्ये तिच्या दोन ठिकाणांना मिळून मिशेलॅंचे सहा तारे मिळाले. दोन्हीकडे तीन-तीन. त्याआधी कुणा बाईला तीन तारे मिळाले नव्हते. मिशेलॅं म्हणजे तीच टायरवाली कंपनी. मोटारवाल्यांनी हिंडावं, टायर झिजवावेत म्हणून १९०० साली त्यांनी एक मार्गदर्शिका काढली होती, तिचे हे तारे. आणि जगभर ज्याचं नाव झालं तो पॉल बोक्यूज उमेदवारीला या ब्राझिएबाईंच्याच हाताखाली होता.

सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे खानावळवाली."

खानावळवालीच. आणि सासूबाईंना खानावळ माहीत आहे, कारण त्यांच्या आत्याची इचलकरंजीत खानावळ होती. मागावर काम करणाऱ्या एकट्या पुरुषांना दोन वेळा जेवू घालायची. मुंबईत गिरणगावातही हेच होतं, बायका घराघरांतून गिरणी कामगारांचे डबे करायच्या, त्याच खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आणि ल्यों तरी काय? रेशमाचे विणकर, ज्यांना तिथे 'कान्यू' म्हणतात, त्यांचं गाव. त्याच दिवशी सकाळी क्रुआ-रूस टेकडीच्या चढावर त्यांचे जुने माग बघून आलो होतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा लटकलेल्या बघून सासूबाई ओरडल्या होत्या, "अरे, हे तर जेकार्ड!" मग जॅकार हा माणूस ल्योंचाच आणि त्याचा हा नक्षी विणणारा माग १८०४ च्या सुमाराचा, असं लेकीने सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. जन्मभर तो शब्द वापरला, तो एका माणसाचं आडनाव आहे हे आत्ता कळलं, म्हणाल्या. तिथल्या एका पदार्थाचं नावच 'विणकराचा मेंदू' आहे. घाबरू नका, मेंदूबिंदू काही नसतो, ताज्या चीजमध्ये लसूण, कांदा आणि हिरवं घालून केलेली चटणी असते. मजुराच्या ताटातली.

मी ज्या टेबलक्लॉथला घाबरून बसले होते ना, त्याचं कूळ हे असं निघालं. आमच्या घरात त्या खोलीत बसायचा खरा हक्क कुणाला असेल, तर तो आत्याच्या खानावळीत पोळ्या लाटलेल्या बाईला. त्या तिथे पाहुण्यासारख्या बसल्याच नव्हत्या, जाणकारासारख्या बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "पोरगं वाढायला चांगलं आहे. एकाचं संपलं म्हणून ताट उचलत नाही, सगळ्यांचं होईपर्यंत थांबतं." मी इतका वेळ ग्लास मोजत बसले होते, माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. पंगतीतून मधूनच उठू नये म्हणून आपल्याला लहानपणी धपाटे बसलेत, तोच नियम.

नवऱ्याने केनेल घेतलं होतं. पाईक नावाच्या गोड्या पाण्यातल्या काटेरी माशाचा गर फेटून केलेला लांबट, हलका गोळा, त्यावर झिंग्याच्या जातीतल्या एकाचा केशरी सॉस. "माशाचा ढोकळा," असं नाव ठेवून त्याने तो दोन मिनिटांत संपवला. आणि मग पाव तोडून बशी पुसायला सुरुवात. मी टेबलाखालून पाय मारला. त्याने डोळ्यांनीच शेजारचं टेबल दाखवलं. ऐंशीच्या आसपासचे, कोट-टाय घातलेले आजोबा अगदी तल्लीन होऊन तेच करत होते. या पाव फिरवण्याला फ्रेंचमध्ये स्वतंत्र क्रियापद आहे, म्हणे. ज्या भाषेत त्याला क्रियापद लागतं, तिथले लोक ते किती करत असतील! पाव संपला तसा न मागता आणखी आला, आणि त्याचे पैसे नसतात.

हे 'एवढंसं' प्रकरणही एकदा मिटवू. एक बशी एवढीशीच असते, कबूल. पण बशा किती येतात? तोंड चाळवायला एक, सुरुवातीची एक, मुख्य, चीज, गोडाआधीचं गोड, गोड, आणि कॉफीबरोबर परत चिमुकले गोड. फोटो काढणारा त्यातली एक उचलतो. आपल्या ताटातली फक्त पंचामृताची वाटी दाखवून कुणी 'मराठी लोक एवढंच जेवतात' म्हटलं तर? आणि गंमत म्हणजे फ्रेंचांचीही जुनी पद्धत सगळं एकदम मांडायचीच होती. एकेक पदार्थ ओळीने आणायची रीत एकोणिसाव्या शतकात आली, आणि तिचं नाव 'रशियन पद्धत'. तेव्हा ताटात सगळं एकदम वाढणाऱ्यांनी ओशाळायचं काही कारण नाही.

माझी खरी तक्रार आहे ती चीजबद्दल. चाकांची गाडी ढकलत आली, वर वीसेक प्रकार. आता, फ्रान्समधली बरीचशी नावाजलेली पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या पाचकरसाने गोठवतात. हे सासूबाईंना सांगायचं की नाही? मी गप्प राहायच्या मताची होते, एवढ्या आनंदात कशाला. लेकीने सरळ सांगून टाकलं. त्या क्षणभर थांबल्या. "लिंबू मिळत नाही का इथे? एवढ्यासाठी वासरू?" मग म्हणाल्या, "तुम्ही खा. मला पुढचं आणायला सांग." मी दोन तुकडे घेतले, एकाचा वास पावसात भिजलेल्या मोज्याचा आणि चव स्वर्गीय. पण खाताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, हेही खरं. लेकीने सांगितलं ते बरोबरच होतं. मी सांगितलं नसतं, आणि तो त्या दुपारचा माझा सगळ्यात वाईट शिष्टाचार ठरला असता.

गोड म्हणून त्यांना स्ट्रॉबेऱ्या आणि घट्ट साय आली. आमच्या बशांतलं काय होतं ते आता नीट आठवतही नाही. त्यांच्यातली एक स्ट्रॉबेरी मी उचलली होती, ती आठवते.

बिल आलं २६४ युरो. चार मेनू, वाईनचे दोन ग्लास, कॉफ्या. सेवेचे पैसे त्यातच धरलेले असतात, वर टीप ठेवलीच पाहिजे असं नाही. सासूबाईंना आकडा कळू नये म्हणून मी ते उलटं करून नवऱ्याकडे सरकवलं. त्यांनी वाटेतच उचललं, चष्मा कपाळावरून खाली घेतला. आयुष्यभर मागाचे हिशेब केलेली बाई, तिला फ्रेंच कशाला लागतं.

"दोनशे चौसष्ट. आपले की त्यांचे?"

"त्यांचे."

ओठ हलले. शंभराने गुणून झालं असावं. मग बोट कागदावरून वरून खाली एकेक ओळ सरकलं, परत वर गेलं.

"मुळ्याचे कुठे लावलेत गं? दिसत नाहीत."

"नाही लावले, आज्जी. ते त्यांच्याकडून."

"मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि उरलेलं गरम पाणी कपात ओतून घेतलं.